केसाची जाडी भिंतीवर मोजा : लेझर पॉइंटर आणि लग्नपत्रिका घेऊन करायचे विवर्तनाचे प्रयोग

केसाची जाडी मोजायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. शाळेतला स्क्रू गेज वापरून पाहिलात तर त्याचं लघुतम माप ०.०१ मिलिमीटर आणि केस जेमतेम ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. म्हणजे सगळा खेळ पाच-दहा घरांत आटोपतो, शिवाय जबड्यात केस चेपला जातो तो वेगळाच. त्यापेक्षा लाल लेझर पॉइंटर, जुनी लग्नपत्रिका, चिकटपट्टी, मोजपट्टी आणि समोर तीन मीटरवर मोकळी भिंत एवढं जमवा. काळजीपूर्वक केलंत तर पाचेक टक्क्यांच्या आत उत्तर मिळतं. त्यामागे असतं विवर्तन, म्हणजे अडथळ्याच्या कडेवरून किंवा अरुंद फटीतून जाताना लाटेचं पसरणं.

आधी एक गुणोत्तर

पाठ्यपुस्तकात विवर्तनाची व्याख्या असते, आकृती असते, पण कोणती लाट किती वळणार याचा अंदाज बांधायला मुलांना क्वचितच शिकवतात. अंदाज सोपा आहे : लाटेची तरंगलांबी (लगतच्या दोन शिखरांमधलं अंतर) भागिले फटीची किंवा अडथळ्याची रुंदी. हा भागाकार एकाच्या जवळ असला तर लाट चहूकडे पसरते, फारच लहान असला तर ती सरळ गेल्यासारखी वाटते.

१०० हर्ट्झच्या जाड आवाजाची हवेतली तरंगलांबी साधारण ३.४ मीटर असते आणि दार असतं पाऊण-एक मीटरचं. म्हणून शेजारच्या खोलीतलं बोलणं दारातून वळून तुमच्यापर्यंत येतं. लाल प्रकाशाची तरंगलांबी ०.६५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे तेच ९० सेंटिमीटरचं दार प्रकाशासाठी जवळजवळ चौदा लाख तरंगलांब्या रुंद. मग बोलणारी व्यक्ती कशाला दिसेल? पण ७० मायक्रॉनचा केस घेतला तर तो जेमतेम शंभरेक तरंगलांब्यांचा. भागाकार येतो सुमारे एक शतांश, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त कोन. अर्धा अंश ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण तीन मीटरवरच्या भिंतीवर तो पावणेतीन सेंटिमीटर भरतो, आणि तेवढं साध्या पट्टीने मोजता येतं. पुढचे सगळे प्रयोग या एका युक्तीवर उभे आहेत : बारीक वस्तू, लांब भिंत.

रेडिओलाही हाच हिशोब लागू पडतो. पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्झच्या मध्यम लहरींची तरंगलांबी सुमारे ३८० मीटर, तर एफएमची तीनेक मीटर. डोंगराआडच्या वाडीत एफएम खरखरतं आणि जुना मध्यम लहरींचा रेडिओ बोलत राहतो, त्यात या फरकाचा मोठा वाटा आहे.

बिनखर्चाची सुरुवात : बोटं आणि छत्री

लेझर आणण्यापूर्वी एक डोळा मिटा. दुसऱ्या डोळ्याजवळ तर्जनी आणि मधलं बोट आणून त्यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवा आणि उजळ आकाशाकडे (सूर्याकडे नव्हे) पाहा. बोटं अगदी मिटत आली की फटीत बोटांना समांतर काळ्या रेघा दिसू लागतात. पुष्कळांना त्या पापण्यांच्या सावल्या वाटतात. मान हलवून बघा, रेघा फटीबरोबरच राहतात.

रात्री काळी छत्री उघडून तिच्या कापडातून दूरच्या रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहा. दिव्याभोवती ठिपक्यांची अधिकाच्या चिन्हासारखी आकृती दिसेल. कापड फिरवलं की आकृती फिरते, कारण ती उभ्या-आडव्या धाग्यांनी बनवलेली असते. फिलाडेल्फियात १७८५ साली फ्रान्सिस हॉपकिन्सन यांनी रेशमी रुमालातून रस्त्यावरचा दिवा पाहताना नेमकं हेच टिपलं आणि खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस यांना कारण विचारलं. रिटनहाउस यांनी बारीक आट्यांच्या दोन स्क्रूंमध्ये केस ताणून समांतर केसांची जाळी बनवली आणि तिच्यातून प्रकाश पाहिला. माणसाने हाताने घडवलेली ही पहिली विवर्तन जाळी मानतात. ती केसांचीच होती, हे मला फार आवडतं.

लेझर हातात घेण्यापूर्वी

इथे घाई नको. लाल पॉइंटर घ्या, वर्ग २ चा, म्हणजे १ मिलिवॉटच्या आतला. हिरवे लेझर जास्त ठळक दिसतात खरे, पण स्वस्तातल्या हिरव्या पॉइंटरमधून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही बाहेर पडू शकतो आणि अनेकांची खरी ताकद लेबलावरच्या आकड्यापेक्षा जास्त असते. त्यावर विसंबू नका.

लेझर नेहमी टेबलावर, पुस्तकांच्या थप्पीवर पक्का बसवायचा. बटणावर कपडे वाळत घालायचा चिमटा लावला की हात मोकळे राहतात. किरणाची उंची बसलेल्या किंवा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत येऊ देऊ नका. कमरेची उंची बरी. किरणाच्या वाटेत आरसा, स्टीलचं भांडं, घड्याळाची काच नको. लहान मुलं असतील तर लेझरचा ताबा मोठ्या माणसाकडेच राहू द्या.

लेबलावरची तरंगलांबी वहीत लिहून ठेवा. लाल पॉइंटर बहुधा ६३० ते ६८० नॅनोमीटरच्या दरम्यान असतात (हजार नॅनोमीटर म्हणजे एक मायक्रॉन). लेबल नसेल तर ६५० धरा, म्हणजे चूक झाली तरी चार-पाच टक्क्यांचीच.

मुख्य प्रयोग : केस

१. पत्रिकेच्या जाड कागदात दोन बाय तीन सेंटिमीटरची खिडकी कापा. खिडकीवर एक केस उभा, ताणून ठेवा आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीने पक्की करा. केस सैल राहिला तर वाऱ्याने हलतो आणि भिंतीवरचं चित्रही डोलतं.

२. चौकट लेझरपुढे एक वीतभर अंतरावर उभी करा. कागदाची मोठी क्लिप खाली लावली की ती छान उभी राहते.

३. दिवे घालवा. चौकट डावी-उजवीकडे किंचित सरकवत राहा. किरण केसावर बसला की भिंतीवरच्या ठिपक्यातून दोन्ही बाजूंना आडवी प्रकाशाची रेघ फुटते आणि त्या रेघेत काळ्या खंडांची माळ दिसते. केस उभा असताना माळ आडवी असते. उलटं दिसलं तर किरण केसावर नाही, खिडकीच्या कडेवर पडतोय.

४. केसापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. लेझरपासून नव्हे! ही चूक इतकी सहज होते की मी ती पायरी वेगळी लिहिली आहे.

५. भिंतीवर कागद चिकटवा आणि पेन्सिलीने काळ्या जागांच्या मध्यावर खुणा करा. उजळ पट्ट्यांवर खुणा करू नका. काळ्या जागा सारख्या अंतरावर येतात, उजळ पट्ट्यांचं तसं नाही, आणि मधला पट्टा तर इतरांच्या दुप्पट रुंद असतो. मधला ठिपका डोळ्यांना दिपवत असेल तर त्यावर काळी, न चकाकणारी पट्टी लावा. पॉइंटरचा किरण दोन-तीन मिलिमीटर रुंद असतो आणि केस त्यातला अगदी थोडा भाग अडवतो. त्यामुळे बहुतेक प्रकाश न वळता सरळ मध्यावर जातो आणि भोवतालचं नाजूक चित्र झाकोळून टाकतो.

६. डावीकडच्या तिसऱ्या काळ्या खुणेपासून उजवीकडच्या तिसऱ्या काळ्या खुणेपर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला सहाने भागा (मधला पट्टा दुप्पट रुंद, म्हणून पाचाऐवजी सहा). एकाच जोडीवर विसंबण्यापेक्षा असं केल्याने खुणेतली चूक सहा जागी विभागली जाते.

७. आता हिशोब : केसाची जाडी = तरंगलांबी × भिंतीचं अंतर ÷ लगतच्या काळ्या खुणांमधलं अंतर.

समजा भिंत ३ मीटरवर आहे आणि तिसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत १६.८ सेंटिमीटर भरले. सहाने भागून २.८ सेंटिमीटर, म्हणजे ०.०२८ मीटर. ६५० नॅनोमीटर गुणिले ३, भागिले ०.०२८ बरोबर सुमारे ६९,६०० नॅनोमीटर. म्हणजे ७० मायक्रॉनला थोडा कमी.

मग घरातल्या सगळ्यांचे केस मागा. बारीक केसाचे पट्टे लांब-लांब पडतात, जाड केसाचे जवळ-जवळ. पहिल्यांदा करणाऱ्याला हे उलटं वाटतं, पण भागाकार आठवा : अडथळा जितका लहान, तितकं पसरणं जास्त. कुरळ्या केसाचा छेद बहुधा लंबगोल असतो, त्यामुळे तोच केस पीळ देऊन पुन्हा लावला तर आकडा बदलू शकतो. त्याला प्रयोगातली चूक समजू नका.

पद्धतीवरच शंका असेल तर मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून बारीक तांब्याची तार आणा, ०.२ मिलिमीटरच्या आसपासची. ती स्क्रू गेजनेही मोजता येते आणि लेझरनेही. तीन मीटरवर तिचे पट्टे सेंटिमीटरच्या थोडे आत पडायला हवेत.

केस आणि फट यांचं चित्र एकसारखं का?

वर वापरलेलं सूत्र खरं तर फटीचं आहे, केस मात्र अडथळा आहे. तरी ते लागू पडतं, याचं श्रेय बाबिने या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांच्या तत्त्वाला. समजा किरणाच्या वाटेत काहीच नाही. मग प्रकाश फक्त मधल्या ठिपक्यात पडतो, बाजूला अंधार. आता तोच किरण दोन तुकड्यांत विभागला असं मनात आणा : एक केसाच्या रुंदीतून जाणारा, दुसरा केसाच्या दोन्ही बाजूंनी जाणारा. बाजूच्या अंधारात या दोहोंच्या लाटांची बेरीज शून्य येते. दोन लाटांची बेरीज शून्य यायची तर त्या एकमेकींच्या बरोबर उलट आणि सारख्याच जोराच्या हव्यात. म्हणून नुसती केसाएवढी फट ठेवा किंवा नुसता केस ठेवा, मधला ठिपका सोडून बाकी चित्र तेच.

प्रकाश केसाला घासून वाकतो असं काहीजण समजतात. तसं काही नाही. डच शास्त्रज्ञ हायगन्स यांनी मांडलेली कल्पना अशी की पुढे सरकणाऱ्या लाटेचा प्रत्येक बिंदू नव्या लहान लाटा सोडत असतो. अडथळा त्यातल्या काही बिंदूंना बाद करतो, आणि उरलेल्यांची बेरीज बदलते, एवढंच.

केसाच्या एका बाजूचा प्रकाश अडवून पाहायचा असेल तर ब्लेडची कड हळूहळू सरकवत केसाला भिडवा. काळे खंड मिटतात आणि उरते नुसती फिकट होत जाणारी रेघ. टॉमस यंग यांनी १८०३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे याच धर्तीचा प्रयोग मांडला होता. त्यांच्याकडे लेझर कुठला! झडपेतल्या भोकातून आत आलेल्या सूर्यकिरणात त्यांनी एक तीसांश इंच रुंदीची कार्डाची पट्टी आडवी धरली. सावलीत पट्टे दिसले. पट्टीच्या एका बाजूचा प्रकाश अडवताच सावलीच्या आतले पट्टे गेले. दोन बाजूंचा प्रकाश मिळूनच ते घडवतो, हे त्यातून उघड झालं.

दोन ब्लेडची फट

दाढीची दोन ब्लेड पत्रिकेच्या दुसऱ्या खिडकीवर समोरासमोर चिकटवा, खालून जवळजवळ टेकलेली आणि वर अर्धा मिलिमीटर उघडी. बोटं सांभाळा, धार असलेली मधली बाजू चौकटीतच राहू द्या. लेझर वरच्या रुंद भागातून सोडा आणि चौकट सावकाश वर उचलत जा. किरण अरुंद भागात उतरताना भिंतीवरचा पट्टा फैलावत जातो आणि मंद होतो. ०.१ मिलिमीटर फटीला तीन मीटरवर पहिला काळा खंड मध्यापासून सुमारे दोन सेंटिमीटरवर पडतो.

इथेच एक पाऊल पुढे जायचं असेल तर चौकट किरणाला काटकोनात न ठेवता खूप तिरकी करा आणि मधल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंची अंतरं मोजा. ती सारखी येत नाहीत. आयताकृती फटीवर प्रकाश फार तिरपा पडला की पट्टे असमान होतात, हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकणाऱ्या चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या नजरेला आलं, आणि त्यावरचा त्यांचा पहिला शोधनिबंध १९०६ मध्ये लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये छापून आला. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते.

सीडीच्या रेघा

अडगळीतल्या सीडीवर एकाशेजारी एक वळसे असतात आणि त्यांच्यातलं प्रमाणित अंतर १.६ मायक्रॉन. डीव्हीडीत ते ०.७४. हे मोजणं केसापेक्षा सोपं आहे, कारण कोन मोठे असतात. मात्र सीडी चकाकते, तेव्हा तुमचे डोळे कायम किरणाच्या वरच्या पातळीत हवेत आणि सीडीसमोर पुठ्ठा हवाच.

पुठ्ठ्याला मध्ये भोक पाडा आणि त्यातून लेझर २० सेंटिमीटरवर उभ्या केलेल्या सीडीच्या चकचकीत बाजूवर सोडा. किरण सीडीच्या मध्याच्या थेट उजवीकडच्या भागावर पडू द्या, म्हणजे ठिपके आडव्या रेषेत परततील. सरळ परत आलेला ठिपका भोकाजवळ आला की सीडी नीट काटकोनात आहे. आता दोन्ही बाजूंच्या पहिल्या ठिपक्यांचं भोकापासूनचं अंतर मोजा आणि सरासरी घ्या. साधारण ८.९ सेंटिमीटर येईल.

इथे केसाचं सूत्र जसंच्या तसं वापरू नका. ते लहान कोनांपुरतं आहे, इथला कोन चोवीस अंशांचा. आधी तिरपं अंतर काढा : ८.९ चा वर्ग अधिक २० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ २१.९. मग ८.९ भागिले २१.९ बरोबर ०.४०६. ही झाली कोनाची साइन. ०.६५ मायक्रॉनला तिने भागा : १.६.

डीव्हीडीसाठी अंतर १० सेंटिमीटरच ठेवा. तरीही ठिपका १८ सेंटिमीटरच्या पुढे पडतो, त्यामुळे पुठ्ठा रुंद घ्या. त्याच आकारात डीव्हीडीवर जास्त माहिती मावते, त्यात या दाट वळशांचा हात आहे, आणि तो फरक तुम्हाला ठिपक्यांच्या अंतरातून थेट दिसतो.

पाण्यात बघायचं असेल तर

काचेचा पारदर्शक ट्रे, खाली पांढरा कागद, वर मोबाइलचा एकच टॉर्च आणि ट्रेमध्ये सेंटिमीटरभर पाणी. ट्रेच्या कडांना स्पंज लावा, नाहीतर परतणाऱ्या लाटा सगळं गढूळ करतात. पट्टीने पाण्याला ठेका दिला की सरळ लाटांच्या सावल्या कागदावर धावतात. वाटेत दोन ठोकळे ठेवून मध्ये दीडेक सेंटिमीटरची फट सोडा : पलीकडे अर्धगोल लाटा. फट आठ सेंटिमीटरची केली तर लाट सरळ निघते आणि फक्त कडा वळतात.

बंदराच्या भिंतीआड लाटा शिरतात त्या अशाच. बोटी बांधायच्या जागी पाणी किती शांत राहील हे बांधकामाआधी ठरवायचं असतं, आणि भिंतीचं टोक कुठे संपवायचं यावर ते पुष्कळ अवलंबून असतं. १९१६ मध्ये सुरू झालेल्या आणि आता पुण्याजवळ खडकवासल्याला असलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांची मोठी प्रतिरूपं बांधून त्यांत लाटा सोडून पाहतात.

आरागोचा ठिपका : चिकाटीवाल्यांसाठी

१८१८ साली फ्रेंच विज्ञान अकादमीच्या स्पर्धेत फ्रेनेल यांनी प्रकाश ही लाट आहे असं गृहीत धरून विवर्तनाचं गणित मांडलं. परीक्षकांपैकी प्वासाँ कणवादी, म्हणजे प्रकाश कणांचा बनलेला आहे असं मानणारे. त्यांनी त्याच गणितातून दाखवलं की असं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यावर उजेड पडायला हवा. म्हणजे सिद्धांत हास्यास्पद! दुसरे परीक्षक आरागो यांनी दोन मिलिमीटरची धातूची चकती मेणाने काचेवर चिकटवून पाहिलं, आणि सावलीच्या मध्यात उजेड सापडला. फ्रेनेल यांना बक्षीस मिळालं.

घरी चकतीऐवजी सायकलच्या बेअरिंगचा तीन-चार मिलिमीटरचा छर्रा घ्या. नाणं नको, त्याची कड प्रकाशाच्या मापाने ओबडधोबड असते, आणि सगळी कड मध्यापासून सारख्या अंतरावर असणं हाच इथला प्राण आहे. छर्रा स्वच्छ काचपट्टीवर डिंकाच्या अगदी लहान थेंबाने चिकटवा. डिंक छऱ्याच्या बाहेर दिसता कामा नये. लेझरपुढे लहान नाभीय अंतराचं भिंग ठेवून किरण फाकवा, भिंगापासून मीटरभरावर छर्रा, त्याच्या दोन मीटर मागे पांढरा कागद. छऱ्याची सावली तिप्पट मोठी, सेंटिमीटरभर रुंद पडेल. खोली पूर्ण अंधारी करून जवळून पाहा. मध्ये अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा लाल ठिपका असेल. दिसला नाही तर आधी काच पुसा. धुळीचे कण स्वतःच्या कड्या टाकतात आणि त्यांच्या गर्दीत तो हरवतो. मग कागद आणखी मागे न्या. अंतर वाढलं की ठिपका मोठा होतो.

मोबाइलचा पडदा

इथवर हात बसला असेल तर बंद केलेल्या मोबाइलच्या काळ्या पडद्यावर लेझर किंचित तिरपा टाका आणि परावर्तित किरण दोन मीटरवरच्या भिंतीवर घ्या, कॅमेऱ्याच्या भिंगावर मात्र चुकूनही नाही. भिंतीवर ठिपक्यांची जाळी उमटते. सूत्र केसाचंच, फक्त इथे मोजायचं ते लगतच्या उजळ ठिपक्यांमधलं अंतर. दोन सेंटिमीटर भरले तर पडद्यावरची रचना ६५ मायक्रॉनने पुन्हा पुन्हा येते. एक इंच म्हणजे २५,४०० मायक्रॉन, त्याला ६५ ने भागा : इंचाला सुमारे ३९० पिक्सेल. खोक्यावर छापलेला आकडा शोधून पडताळा. काही ओएलईडी पडद्यांत लाल, हिरवे आणि निळे बिंदू सारख्या संख्येने नसतात, त्यामुळे जाळी तिरपी किंवा दुहेरी दिसू शकते. तेव्हा उभ्या आणि आडव्या दिशेची अंतरं वेगवेगळी मोजा.